दोन झाडांचे मिस्टर लिन

उजव्या हाताची तर्जनी वर करायची. हवेत एक आडवी रेघ, तिला छेदणारी एक उभी, आणि दोन बाजूंना खाली झुकणाऱ्या दोन फांद्या. मग शेजारी पुन्हा तेच. "ट्री. ट्री," असं म्हणून गृहस्थ आपल्याकडे बघत थांबायचे. आपण बावळटासारखे बघत राहिलो की विजयी मुद्रेने सांगायचे, "टू ट्रीज. फॉरेस्ट. दॅट इज मी."

ही दोन झाडं मी कुठे म्हणून पाहिली नाहीत! गाडीच्या धुळकट काचेवर पाहिली, कॅन्टीनच्या टेबलावर सांडलेल्या सोया सॉसमध्ये पाहिली, चिपची तपासणी करणाऱ्या अवाढव्य यंत्राच्या पाठीवर पाहिली. एकदा तर आमच्या साहेबांच्या वाढदिवसाच्या केकवर पाहिली, आणि ती साहेबांनी सुरी उचलायच्या आधी. क्रीम लागलेलं बोट चाटत मिस्टर लिन म्हणाले, "सॉरी. सवय."

त्यांचं पहिलं नाव काय होतं, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पहिलं नाव आईने हाक मारायला असतं. ती गेली. आता आडनाव पुरे." तेव्हा नावाबद्दल मी अडाणी आहे. आडनावाबद्दल मात्र विचारा. त्यांच्या आडनावाचा तीन हजार वर्षांचा इतिहास मी झोपेतून उठवलंत तरी सांगेन, आणि साभिनय सांगेन.

२००१ साली मी सांता क्लाराला नोकरीला लागलो. चाळिशी उलटून गेल्यावर अमेरिकेत आलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. तो पहिले काही महिने प्रत्येक गोष्टीला "थँक यू" म्हणत फिरतो, दारालासुद्धा. मी त्याच अवस्थेत होतो. त्या वर्षी आमच्या भागात नोकऱ्या पानगळीसारख्या गळत होत्या. सोमवारी ज्याच्याशी ओळख व्हावी तो शुक्रवारी खोका उचलून गाडीकडे चाललेला दिसे. अशात ऑफिसात माझ्या शेजारच्या बसायच्या कप्प्यातून एक टक्कल वर आलं, त्यामागून जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्यामागून ती तर्जनी आली.

मिस्टर लिन तैवानचे. साठीला टेकलेले, अंगाने किरकोळ, हातात कायम चहाचा थर्मास. चिप तपासण्यात त्यांचा हातखंडा होता, पण त्याबद्दल ते चकार शब्द बोलत नसत. त्यांचा खरा विषय एकच. कप्प्यातले बाकीचे लोक त्यांचा थर्मास दिसला की फोन कानाला लावत. मी नवा होतो. मी सापडलो.

"तीन हजार वर्षांपूर्वी," मिस्टर लिननी थर्मासच्या झाकणात चहा ओतत सुरुवात केली, "एक दुष्ट राजा होता. त्याचा एक प्रधान होता, फार सज्जन. नात्याने राजाचा काकाच. त्याने राजाला तोंडावर सांगितलं, तू वाईट वागतोस. राजा म्हणाला, सज्जन माणसाचं काळीज वेगळं असतं म्हणतात, बघू या." इथे मिस्टर लिन स्वतःच्या छातीत हात घालून काळीज बाहेर काढत. पहिल्या वेळी मी खुर्चीतून उठलो होतो. "प्रधानाची बायको गरोदर होती. ती रातोरात जंगलात पळाली. दगडाच्या एका कपारीत बाळंत झाली. पुढे दुष्ट राजा पडला, नवा राजा आला. त्याने विचारलं, मुलगा कुठे जन्मला? जंगलात. मग याचं आडनाव जंगल!" आणि तर्जनी वर. "ट्री. ट्री."

तुम्ही म्हणाल, झालं, संपली गोष्ट. अहो, ती तर नांदी. त्यानंतर घराण्यातली थोर मंडळी एकेक करून रंगमंचावर येत. लिनांच्या घरची एक कोळ्यांची पोर होती. जन्मली तेव्हा रडली नाही, आणि मोठी होऊन वादळात सापडलेल्या नावा सांभाळू लागली. आज त्या सगळ्या किनाऱ्यावर तिची देवळं आहेत. "देवी! वन ऑफ अवर्स!" मिस्टर लिन म्हणायचे, जणू ती पलीकडच्या गल्लीत राहणारी आत्या. मग एक लिन आडनावाचे सरकारी अधिकारी यायचे. त्यांनी इंग्रज व्यापाऱ्यांची अफू जप्त केली, खड्ड्यांत चुन्यात कालवली आणि समुद्रात सोडून दिली. ही कथा सांगताना मिस्टर लिन माझ्याकडे रोखून बघत.

"अफू कुठून यायची, माहीत आहे?"

"कुठून?"

"तुझ्या मुंबईहून! बोटी भरभरून!"

"मिस्टर लिन, मी साताऱ्याचा आहे हो. मुंबईचं पाप आमच्या माथ्यावर नको."

"बंदर तुमचंच ना? माफी माग."

मी उभा राहून समस्त मुंबापुरीच्या वतीने माफी मागितली. त्यांनी समस्त लिनांच्या वतीने ती स्वीकारली आणि मला चहा दिला. दर दोन-तीन महिन्यांनी हा सोहळा व्हायचा.

जिवंत लिनांवरही त्यांचं तितकंच प्रेम. एल कामिनो रस्त्यावरच्या कुठल्याही चिनी खाणावळीत गेलं की आधी मालकाचं आडनाव विचारणार. तो लिन निघाला की दोघेही बिलावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणार. एकाला द्यायचं असे, दुसऱ्याला घ्यायचं नसे. विमानाचा वैमानिक लिन असला की हे उड्डाणाआधीच घोरायला लागत. एकदा एका पोलिसाने त्यांना सिग्नल तोडला म्हणून पकडलं आणि दंडाची पावती फाडली. मिस्टर लिन ती पावती घेऊन नाचत ऑफिसात आले. सहीवर बोट ठेवून म्हणाले, "लिन! वन ऑफ अवर्स! बघ किती नियमाने वागतो!"

पण सगळी मंडळी येऊन गेली की ते थर्मासचं झाकण लावत, टेबलावर बोटाने एक ठिपका देत आणि म्हणत, "आणि मग मी. फुलस्टॉप."

तो ठिपका मला पहिल्याच आठवड्यात कळला. बायको वारलेली, पाठीला भाऊ नाही, आणि एकुलती एक मुलगी ग्रेस. त्यांच्याकडेही आडनाव मुलाकडून पुढे जातं. मी एकदा म्हटलं, "मिस्टर लिन, तुमच्या बेटावर दगड भिरकावला तर लिनलाच लागेल. तुमचं आडनाव कसं संपेल?"

ते म्हणाले, "नदीत पाणी पुष्कळ असतं रे. पण आपल्या घरचा नळ बंद पडला तर तहान लागतेच ना?"

यावर उपाय म्हणून कुणीतरी ग्रेससाठी एक लिनच सुचवला होता. चांगला डॉक्टर मुलगा. दुसऱ्या कुणी उडी मारली असती. मिस्टर लिन तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. "एकाच कपारीतली दोघं! भाऊ-बहीण!" मी पटकन म्हणालो, "सगोत्र!" आणि त्यांना सगोत्र म्हणजे काय ते सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. अमेरिकेत वीस वर्षं काढल्यावर आपल्याला समजून घेणारा माणूस त्यांना भेटला होता.

तिथून पुढचं संकट उभं राहिलं. त्यांनी माझं आडनाव विचारलं.

माझं आडनाव डोईफोडे. ते उच्चारताना त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला आणि मग मला कायमचं "डोई" करून टाकलं. "अर्थ काय?"

"डोकं फोडणारा."

मिस्टर लिन खुर्चीसकट माझ्याकडे सरकले. "कुणाचं?"

"म्हणजे?"

"डोकं कुणाचं फोडलं? कोणी फोडलं? कशाने?"

"माहीत नाही."

एखाद्याने आईचं नाव आठवत नाही म्हणावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "डोई," ते हळू आवाजात म्हणाले, "एवढं चांगलं आडनाव, आणि तू चौकशीसुद्धा केली नाहीस?"

मला खरंच लाज वाटली. घरी जाऊन मी साताऱ्याला दादांना फोन लावला. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. म्हणालो, "दादा, आपण कुणाचं डोकं फोडलं होतं?"  मग दादा म्हणाले, "तू आधी मला सांग, तिकडे काही लफडं केलंयस का?" इतिहास-संशोधन तिथेच थांबलं.

सकाळी मिस्टर लिन थर्मास घेऊन तयार. आता काय सांगावं? रिकाम्या हाताने परत पाठवायचा माणूस नव्हता तो. मी डोळे मिटले, आणि डोळ्यांसमोर आला आमच्या ओट्यावरचा वरवंटा. आदल्या रात्री सुनंदा, म्हणजे आमची ही, चटणी वाटत होती आणि वाटता वाटता माझ्यावर चिडली होती, त्यामुळे त्या दगडाची छबी मनावर ठळक उमटलेली होती.

"फार वर्षांपूर्वी," मी सुरुवात केली, "आमच्या गावावर लुटारू आले. पुरुष सगळे शेतावर. घरात एकटी बाई, आणि तीही गरोदर. पाट्यावर मसाला वाटत होती. लुटारूंचा नायक दार मोडून आत आला. बाईने मान वर केली. हातात वरवंटा…"

मी उभा राहिलो. काल्पनिक वरवंटा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. आजूबाजूच्या कप्प्यांतले फोन कानावरून खाली आले.

"…फाडकन! तेव्हापासून आम्ही डोईफोडे."

मिस्टर लिननी थर्मास खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई?"

"बाई."

"म्हणजे तुझं आडनाव बाईपासून सुरू झालं?"

"हो," मी म्हणालो. एकदा तोंड उघडलं की मला मागे फिरता येत नाही.

"तो दगड कुठे आहे आता?"

"आमच्या घरी," मी म्हणालो.

वाचकहो, वरवंटा आमच्या घरी होता हे अक्षरशः खरं होतं. फक्त तो शेजारच्या सनीव्हेल गावातल्या वाणसामानाच्या दुकानातून गेल्याच महिन्यात आणलेला होता.

शनिवारी सकाळी मिस्टर लिन सूट घालून आमच्या अपार्टमेंटच्या दारात उभे. एका हातात संत्री, दुसऱ्यात उदबत्तीचा पुडा. मागे गाडीच्या किल्ल्या फिरवत ग्रेस, चेहऱ्यावर 'माझा काही संबंध नाही' असा भाव. सुनंदाला मी ऐनवेळी काय ते कानात सांगितलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने डोईफोडे हे आडनाव तिथल्या तिथे सार्थ झालं असतं.

"अहो, कालची लसणाची चटणी आहे त्याला," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"धू ना मग!"

मिस्टर लिननी वरवंटा दोन्ही हातांत घेतला. उलटा करून, सुलटा करून, चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिला. मग ओट्यावर उभा ठेवला, समोर संत्री मांडली, उदबत्ती लावली आणि कमरेत वाकून तीनदा नमस्कार केला. लसणाच्या वासात चंदनाचा वास मिसळला आणि छतावरचा धुराचा भोंगा कर्कश वाजायला लागला. "डॅड, प्लीज!" ग्रेस ओरडली. त्याच वेळी आतल्या खोलीतून अमेय धावत आला आणि स्टुलावर चढून त्याने भोंगा बंद केला.

अमेय म्हणजे दादांचा मुलगा, माझा पुतण्या. एमएस करायला आलेला, शनिवार-रविवार काकूच्या हातचं जेवायला आमच्याकडे. स्टुलावरून खाली उतरताना त्याने विचारलं, "काका, हे नक्की काय चाललंय?" उत्तर ग्रेसने दिलं. "तुमच्या फॅमिली स्टोनची पूजा." अमेय म्हणाला, "आमचा फॅमिली स्टोन? तो तर मीच…" मी त्याच्या पायावर पाय दिला. दुकानातून तो उचलून आणणारा तोच होता. ग्रेसने तो पाय पाहिला आणि ती हसायला लागली. पुढचं मला सांगायला नको. दोघांचं गुपित एक झालं की बाकीचं एक व्हायला फार वेळ लागत नाही.

२००५ च्या उन्हाळ्यात लग्न ठरलं. मिस्टर लिनना अमेय आवडला होता. "वरवंट्याच्या घरातला मुलगा," ते सगळ्या ऑफिसला सांगत. फक्त एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, काट्याने नूडल्स फिरवत म्हणाले, "मुलं डोई होतील. ठीक आहे. पण ग्रेस लिनच राहील. आमच्यात लग्नाने मुलीचं आडनाव बदलत नाही."

मी "हं" म्हणालो. त्या "हं"च्या पोटात काय आहे हे तुम्हाला कळलं असेलच. साताऱ्याहून वहिनी येणार होत्या.

वहिनी म्हणजे दादांची बायको, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर दादाही वर्गात उशिरा आल्यासारखे उभे राहतात. त्या येताना चांदीचं ताट, आंबेमोहोर तांदूळ आणि सुनेसाठी एक नवं नाव घेऊन आल्या. गौरी. आमच्या घरात लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, आडनावासकट. ग्रेसला अमेयने हे सांगितलं होतं. ती म्हणाली, "तांदळातच ना? पासपोर्टवर नाही ना? कूल." प्रश्न ग्रेसचा नव्हताच.

सनीव्हेलच्या एका हॉलमध्ये लग्न लागलं. ताट आलं, सगळे भोवती जमले, अमेयने अंगठी धरून लिहायला सुरुवात केली. मिस्टर लिन माझ्या शेजारी, तोच सूट.

"काय लिहितोय?"

"नाव."

"कुणाचं?"

"ग्रेसचं."

"इतकं लांब?"

मला गोष्ट रचता आली असती. पण ते त्या तांदळाकडे ज्या पद्धतीने बघत होते ते पाहून माझी जीभ कधी नव्हे ती जड झाली. मी खरं ते सांगितलं. नवं नाव, नवं आडनाव. आमची पद्धत.

"आणि लिन?"

मी ताटाकडे पाहिलं.

मिस्टर लिन पुढे झाले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तर्जनी तांदळात घातली आणि अमेयच्या अक्षरांशेजारी, एक आडवी, एक उभी, दोन फांद्या. पुन्हा एकदा. या वेळी ते "ट्री" म्हणाले नाहीत. 

हॉलमध्ये फक्त स्वयंपाकघरातून येणारा जिलेबी तळल्याचा आवाज राहिला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "हे काय काढलंय त्यांनी?"

"झाडं आहेत, वहिनी. दोन."

"वड की पिंपळ?"

"त्यांचं आडनाव आहे."

"आडनाव? ते कशाला इथे?" वहिनींचा चष्मा माझ्यावरून मिस्टर लिनकडे वळला. "विचारा त्यांना."

मी विचारलं. मिस्टर लिननी घसा साफ केला. मला वाटलं, आता दुष्ट राजा, काळीज, जंगल. पण ते म्हणाले, "मॅडम, तुमचं आडनाव एका बाईने मिळवलं. म्हणून मला वाटलं, या घराला कळेल." आणि भर मांडवात, दादा-वहिनींसमोर, त्यांनी वरवंट्याची गोष्ट सुरू केली. भाषांतराला मी.

आपलीच थाप आपल्याच थोरल्या भावाला भाषांतर करून सांगण्याची वेळ कुणावर येऊ नये. चार वर्षांत गोष्ट चांगली धष्टपुष्ट झाली होती. लुटारू चाळीस झाले होते. शिवाय हत्ती आला होता. माझ्या गोष्टीत हत्ती नव्हता हो! "फाडकन!" असं मिस्टर लिन मराठीत म्हणाले आणि दोन्ही हात खाली आणले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दादा माझ्याकडे बघत होते. "आपल्या घराण्यात? अरे, पण आपले पणजोबा तर…"

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या घराण्यात कुणी काही केलं असेल, तर ते बाईनेच केलं असणार. मला पहिल्यापासून वाटतंय." मग मिस्टर लिनकडे वळून त्यांनी वर्गात विचारावा तसा प्रश्न टाकला. "त्या बाईचं माहेर कुठलं?"

मी गोष्टीत माहेर घातलंच नव्हतं. मी प्रश्न इंग्रजीत पुढे ढकलला. मिस्टर लिन वहिनींकडे वळले. म्हणाले, "डोईच्या बाईचं मला माहीत नाही. आमची जी जंगलात पळाली, तिचं माहेर चेन. आम्ही अजून सांगतो."

"किती वर्षं झाली त्याला?" वहिनींनी विचारलं.

"तीन हजार."

 वहिनी दादांना म्हणाल्या, "ऐकलंत? तीन हजार वर्षं माहेर लक्षात ठेवलंय. आणि मी कोण होते, आठवतंय का कुणाला? कुमुद होते मी. याच ताटात पुसलंत."



वहिनींनी पदर खोचला आणि ताटावर वाकून 'गौरी'वरून तळवा फिरवला. तांदूळ सपाट झाले. "अमेय, ग्रेस लिही. आणि त्या झाडांना हात लावू नकोस."

जेवणं झाल्यावर मी मिस्टर लिनना गाडीपर्यंत सोडायला गेलो. मला त्यांच्या डोळ्यांना डोळा देववत नव्हता. हत्ती सतावत होता. गाडीशी आल्यावर ते म्हणाले, "डोई, त्या दगडाच्या बुडाला दुकानाचं लेबल होतं."

सांता क्लारा परगण्यात मी त्या क्षणी सगळ्यात लहान माणूस असेन.

"तुम्ही तेव्हाच पाहिलंत? मग नमस्कार का केलात? तीनदा?"

"गोष्ट चांगली होती," ते म्हणाले. "नवी होती म्हणून काय झालं? आमचीही कधीतरी नवी होती. आमच्याकडेही कुणीतरी तुझ्यासारखा बडबड्या काका असणारच." आणि धुळकट काचेवर त्यांनी माझ्यासाठी एक चित्र काढलं. ते वरवंट्याचं होतं. पावासारखं दिसत होतं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यानंतर दर शनिवारी सकाळी थर्मास घेऊन आमच्याकडे यायचे. माफीचा सोहळा चालूच होता. २००७ च्या शरदात ग्रेसला दिवस गेल्याची बातमी आली, आणि त्या शनिवारी मिस्टर लिन वरवंट्यापुढे संत्रं ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, "मी बोलू का अमेयशी? बाळाच्या आडनावाचं? तो नाही म्हणणार नाही."

"नाही, नाही," त्यांनी जोरात मान हलवली. "गोष्ट नीट ऐकली नाहीस तू. त्या बाईने आडनाव मागितलं नव्हतं. राजाने दिलं. मागून घेतलं तर ते आडनाव नव्हे, मेहेरबानी."

"आता राजा कुठून आणायचा?"

"तेच ना," ते म्हणाले आणि संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

त्या हिवाळ्यात मिस्टर लिन गेले. झोपेत, कुणालाही त्रास न देता. आमच्या जुन्या ऑफिसमधले सगळे आले होते. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांना बघून फोन कानाला लावले, त्यांतल्या प्रत्येकाला दुष्ट राजाची गोष्ट पाठ निघाली. एकजण सुरू करी, दुसरा पुढे नेई. फुलस्टॉपपाशी आलो की मात्र सगळे थांबत.

२००८ च्या उन्हाळ्यात मुलगी झाली. बारशाला वहिनी आल्या, तेच चांदीचं ताट घेऊन. ग्रेस आणि अमेयने नाव ठरवलं होतं: मीरा. दादांचं म्हणणं सरळ होतं. मीरा अमेय डोईफोडे. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आपली रीत.  ग्रेस बाळाला मांडीवर घेऊन शांत बसली होती, आणि मला एकदम तिच्या चेहऱ्यावर तिचे वडील दिसले. तीही मागणार नव्हती. मी तोंड उघडणार, तोच सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला.

वहिनी तांदूळ पसरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बापाचं नाव कशाला मध्ये? तो डोईफोडे, ती डोईफोडे, बाप आडनावात आलाच की. दोनदा कशाला घ्यायचा?"

"मग मध्ये काय?" दादा म्हणाले.

वहिनींनी अंगठी बाजूला ठेवली. चष्मा सारखा केला, तर्जनी तांदळात घातली आणि 'मीरा'च्या पुढे एक आडवी रेघ ओढली. मग उभी. मग दोन फांद्या. शेजारी पुन्हा तेच, जरा वाकडं. मुख्याध्यापिकेचं बोट, एवढ्यावर समाधान होईना. मग त्यांनी दोन्ही झाडांना बारीक बारीक पानं काढायला घेतली. ग्रेस उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. बाळाची मूठ ताटाच्या काठाला लागून थोडे तांदूळ सतरंजीवर सांडले.

मी म्हणालो, "वहिनी, पानं नसतात हो त्याला."

"असू देत, भाऊजी," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "आता फुटलीत."